आकाश, पाणी, बोटं

८ जून २०२५, रविवार. सकाळी ७:१०
आजपासून वही. मराठीत लिहिणार. तमिळमध्ये लिहिली तर शेजारचा गुरुमूर्ति वाचेल. तो आमच्या ओट्यावर बसून पेपर वाचतो आणि पेपर संपला की हाताला लागेल ते वाचतो. कुंभकोणमात मराठी वाचणारी माणसं मोजकी, आणि त्यातली निम्मी विठ्ठलाच्या देवळात येताना चष्मा घरी विसरतात. गुप्ततेची काळजी नाही.

मी हनुमंतराव. एकतीस वर्षं शाळेत फिजिक्स शिकवलं. (स्वतःला स्वतःची ओळख करून द्यायची गरज नव्हती. पण वही रीतसर असावी.)

प्रश्न: हिची, म्हणजे शिवकामीची, बोटं सकाळी आखडतात. संधिवात. डॉक्टर म्हणाले, उठल्याबरोबर हात गरम पाण्यात ठेवा. ही पाचाला उठते, परसात चूल पेटवते, तांब्याच्या हंड्यात पाणी तापवते, मग हात बुडवते. आखडलेल्या बोटांनी काडी ओढता येत नाही ही तिची तक्रार. तक्रार योग्य आहे. तिचा उपाय: गीझर. उपाय चूक आहे.

डोक्यावर इतका सूर्य असताना करंट जाळून पाणी तापवणं फिजिक्सच्या माणसाच्या घराला शोभत नाही. मी सोलर करणार. पण गुरुमूर्तिसारखं नव्हे. त्याच्या गच्चीवर ती काचेच्या नळ्यांची चौकट आणि वर आडवी टाकी. रस्त्यावरून बघितलं तर कोणी पिंप वाळत घातलंय असं वाटतं. माझं रूफ-इंटिग्रेटेड असेल. म्हणजे छपरावर काही ठेवायचं नाही, छप्परच पाणी तापवणार. स्वयंपाकघरावरची कौलं काढायची, तिथे काच, काचेखाली तांब्याचा काळा पत्रा, पत्र्याला नळ्या. बाहेरून कोणाला कळणारही नाही.

हिला समजावून सांगितलं. तिने विचारलं, पहाटे पाचाला सूर्य असतो का. प्रश्न प्राथमिक असल्यामुळे उत्तर दिलं नाही. (दिवसा तापलेलं पाणी टाकीत साठणार, पहाटे वापरायचं. उद्या सांगेन.)

मे महिन्यात मुलीचं, नित्याचं लग्न झालं. म्हणजे जावयाची ही पहिली दीपावली, रीतीप्रमाणे आमच्या घरी. पहाटे डोक्याला तेल लावून गरम पाण्याचं गंगास्नान. ते पाणी माझ्या छपराचं असेल. बेंगळुरूला फोन करून रविशंकरला तसा शब्द दिला. तो बरं म्हणाला. नम्र मुलगा आहे. काम ऑगस्टमध्येच संपेल, दीपावली फक्त उद्घाटनाला.

रोज तीन कॉलम भरायचे. आकाश, पाणी, बोटं. बोटं म्हणजे ती पूर्ण उघडायला लागलेली मिनिटं. आज आकाश स्वच्छ. पाणी (चुलीवरचं) ४४ डिग्री. बोटं १४.

११ जून, बुधवार
छपराची पाहणी. शिडीवर मी, शिडी धरायला ही. स्वयंपाकघराची उतरण उत्तरेकडे आहे. इंटरनेटवर सगळे म्हणतात दक्षिणेकडे हवी. इंटरनेट परदेशात लिहितात. मी कौलांवर काळा ट्रे ठेवून पाणी मोजलं: दुपारी बाराला ६१ डिग्री. सूर्य सरळ उत्तरेच्या उतरणीवर. प्रयोगापुढे कोणाचं मत चालत नाही, हे वर्गात एकतीस वर्षं सांगितलंय.

गुरुमूर्ति खालून म्हणाला, सार, टाकी कलेक्टरच्या वर ठेवा, गरम पाणी आपलं आपण वर चढतं. बँकेत कॅशियर होता आणि मला कन्व्हेक्शन शिकवतो. दहापैकी दोन मार्क. टाकी छपराच्या वर ठेवली तर रस्त्यावरून दिसेल, मग इंटिग्रेटेड काय राहिलं? टाकी खाली, माळ्यावर. छोटा पंप लावू.

बोटं १५. शिडी धरल्यामुळे असेल.

१६ जून, सोमवार
खास काळ्या लेपाच्या पत्र्यासाठी पुण्याच्या एका दुकानाला फोन. मराठी माणसाशी मराठीत बोलावं म्हणून आपलं घरच्यासारखं बोललो. फोनवरच्या मुलीने विचारलं की आपण ऐतिहासिक नाटकात काम करता का. तिला सांगितलं की आमचे पूर्वज तंजावुरात आले तेव्हा सगळे असंच बोलत होते, बदललात ते तुम्ही. ती म्हणाली, सर, हिंदीतून बोललात तर चालेल. फोन ठेवला.

पुण्याची गरज नाही. तांबं आपल्या घरातच आहे.

२१ जून, शनिवार
परसातला हंडा. शंभर लिटरचा, जाड तांबं, आतून कल्हई. हिच्या आईने, अलमेलू अम्मांनी, लग्नात दिलेला. काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी त्यांचं नाव ठोकलेलं आहे. इतकं तांबं एका जागी नुसतं बसून आहे.

विचार करून बघितलं. हंडा आज पाणी तापवतो, छपरात गेला तरी पाणीच तापवणार. म्हणजे तो हंडाच राहील, फक्त आकार बदलेल. यात गैर काही दिसत नाही. हिला सांगायला योग्य वेळ हवी. काम झाल्यावरची वेळ योग्य.

२ जुलै, बुधवार
ही लक्ष्मीप्रियाकडे हळदीकुंकवाला गेली तेवढ्यात हंडा गोणपाटात बांधून व्हॅनमधून नाचियार्कोविलला. तिथे नटराज म्हणून समया करणारा आहे, हात चांगला. त्याला आकृती दाखवली: हंडा कापून, ठोकून, सपाट पत्रे. त्याने हंड्यावरून हात फिरवला, नाव बघितलं आणि विचारलं, घरात अम्मांना माहीत आहे का. मी तांब्याच्या जाडीबद्दल बोललो. त्याने परत विचारलं. मी समयांच्या धंद्याबद्दल विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी चहा मागवला.

शेवटी कापला. पण नावाचा भाग त्याने आधी वेगळा काढला, वीतभर पट्टी, कडा घासून माझ्या हातात दिली. म्हणाला यावर मी हातोडा चालवणार नाही. भावनाप्रधान माणूस. इंजिनीअरिंगमध्ये असे लोक मागे राहतात.

३ जुलै, गुरुवार
हिला पहाटे पाचाला कळलं.  चुलीच्या तीन दगडांमध्ये जिथे हंडा असायचा तिथे बघत उभी राहिली. मी आकृती दाखवली, बाण वगैरे काढून. तिने आकृतीकडे बघितलं नाही. एवढंच म्हणाली की आईने तो डोक्यावरून स्टेशनपर्यंत आणला होता.

आता ती गॅसवर पातेल्यात पाणी तापवते. पातेलं मनगटांमध्ये धरून उतरवते, बोटं मिटत नाहीत म्हणून. बोटं २२. हा आकडा तात्पुरता आहे.

ठराव: कामाचा वेग वाढवणे.

१९ जुलै, शनिवार
वेग वाढवला नाही. उकाडा.

नित्याचा फोन. अम्माला गीझर का घेत नाही म्हणाली. नित्याला प्लस टूला, म्हणजे बारावीला, फिजिक्समध्ये चौऱ्याण्णव होते. मार्क आणि समज यांचा संबंध नाही.

३ ऑगस्ट, रविवार
आज आडीपेरुक्कु, कावेरीच्या नव्या पाण्याचा सण. गावातल्या सगळ्या बायका चित्रान्नाचे डबे घेऊन कावेरीवर. ही पण गेली. मी सुतार बोलावून कौलं उतरवून घेतली. ही परत आली तेव्हा स्वयंपाकघरात ऊन होतं. गॅसच्या ओट्यावर, लोणच्याच्या बरणीवर, सगळीकडे. मी म्हटलं बघ किती सूर्य आहे. ती छत्री उघडून भात शिजवायला उभी राहिली.

थोडा टोमणा होता असं वाटतं.

१९ ऑगस्ट, मंगळवार
पत्रे बसले. नळ्या जोडल्या. काळा रंग दोन हात. काच आली, एक फुटली, परत आली. पत्र्याखाली उष्णता अडवायला काहीतरी भरायला हवं. बाजारात काचेच्या लोकरीचे गठ्ठे मिळतात, पण आपण भाताच्या मुलुखात राहतो आणि काचेची लोकर घेतो, हे मला पटत नाही. तिरुनीलक्कुडीच्या राइस मिलमधून बारा पोती तूस आणलं. मिलवाला म्हणाला, चाळलेलं नाही, त्यात भाताचे दाणे राहिलेत थोडे. मी म्हटलं उष्णतेला दाण्याशी काय करायचंय.

छपरात तूस दाबून भरलं. कुंभकोणममधलं पहिलं तुसाचं इन्सुलेशन असावं. कोणाला सांगितलेलं नाही.

७ सप्टेंबर, रविवार
काल चालू केलं. सायंकाळी ५ ला छपरातलं पाणी ५४. माळ्यावरच्या टाकीत ३१. पंप चालू असताना करंट गेला, करंट आला तेव्हा ऊन गेलं. रात्रीत टाकीतलं पाणी उलट छपराकडे चढून गार होऊन आलं. पाणी खालून वर का चढतं याचा विचार करतोय.

(का चढतं ते मला माहीत आहे. सातवीच्या पुस्तकात आहे.)

गुरुमूर्ति ओट्यावर बसून म्हणाला, टाकी वर हवी, सार. ऐकू आलं नाही असं दाखवलं. आता टाकी वर घेतली तर त्याच्या सांगण्यावरून घेतली असं होईल.

ही शनिवारच्या भजनाला विठ्ठलाचा हार स्वतः गुंफायची. जाईच्या कळ्या, मध्ये मरवा, टोकाला तुळस. तीन आठवडे विकतचा आणते. हिचा वेळ वाचतो, बरं झालं. बोटं २५.

२५ सप्टेंबर, गुरुवार. दुपारी १:००
एक निरीक्षण. जूनमध्ये ऊन पत्र्यावर सरळ पडायचं. आज तिरपं आहे. पाणी ४१ च्या वर जात नाही. सूर्य दक्षिणेकडे सरकलाय.

दुपारी १:४०
सूर्य दरवर्षी दक्षिणेकडे सरकतो.

दुपारी ४:००
जूनपर्यंत परत येईल. तोपर्यंतची व्यवस्था करायला हवी. परसात आरसे उभे करून ऊन छपरावर फेकता येईल. नित्याच्या लग्नात कपाटाबरोबर आलेला आरसा आहे. हिला विचारायचं नाही, सांगायचं.

६ ऑक्टोबर, सोमवार
सांगितलं. तिने आरशावर चादर घालून त्याच्यापुढे खाट लावली.

काल संध्याकाळी पाऊस. काच आणि कौलं यांच्या सांध्यातून पाणी थेट गॅसवर. सिमेंट, टार, प्लास्टिक, काही धरेना. मग ती पट्टी आठवली, नटराजने दिलेली. माप तंतोतंत. टार लावून सांध्यावर ठोकली. नावाची बाजू वर. गळती थांबली. अलमेलू अम्मांनी जाता जाता काम केलं म्हणायचं.

हिने खालून बघितलं. पट्टी ओळखली असेल असं वाटत नाही, टार फासलं होतं.

जेवायला वाढून परसात जाऊन बसली. ओळखली असावी.

१३ ऑक्टोबर, सोमवार
दीपावलीला सात दिवस. पूर्ण विश्वास आहे. आकाश ढगाळ. पाणी २९. बोटं ३१.

१८ ऑक्टोबर, शनिवार
पाच दिवस सलग पाऊस. आज छपराकडे बघत असताना काचेच्या कडेला हिरवं दिसलं. शिडी लावली. शिडी धरायला ही आली नाही, गुरुमूर्ति आला. सांध्यातून, कौलांच्या फटीतून, नळीच्या भोकातून, सगळीकडून बोट बोट उंचीची भाताची रोपं. तुसातले दाणे उगवले. मुळं पत्र्याखाली पसरलीत आणि तूस भिजून फुगलंय.

गुरुमूर्तिने विचारलं, सार, लावणी कधी करताय. त्याचं म्हणणं, पोंगलला घरचा तांदूळ होईल. संध्याकाळपर्यंत गल्लीतली सगळी माणसं येऊन बघून गेली. बाहेरून कोणाला कळणार नाही असं छप्पर करायचं होतं.

रात्री नित्या आणि रविशंकर आले. पावसात गाडीने आठ तास. त्यांना म्हटलं, परवा पहाटे बघा.

२० ऑक्टोबर, सोमवार. दीपावली. पहाटे ४:४०
आकाश दिसत नाही. टाकी २६.

पंप दोनदा चालू केला. छपरातलं पाणी टाकीपेक्षा गार आहे, म्हणजे मी आत्ता पाणी गार करत आहे. बंद केला. ओल्या तुसाचा वास घरभर, म्हशीच्या गोठ्यात यावा तसा. जावई डोक्याला तेल लावून टॉवेल गुंडाळून पाटावर बसलाय. बघत नाही असं दाखवतोय.

पहाटे ५:२०
ही साडेतीनपासून गॅसवर पाणी तापवत होती. कुकर, दुधाचं पातेलं, इडलीचं भांडं. मला माहीत नव्हतं. इडलीचं भांडं उतरवताना तिच्या हातून निसटलं. पाणी पायावर. फार नाही. नित्या पळत आली. ही म्हणत होती, काही नाही, काही नाही, जावयाचं पाणी राहिलं.

गडबड ऐकून गुरुमूर्तिने भिंतीवरून दोन बादल्या दिल्या. वाफा निघत होत्या. त्याच्या टाकीत आत करंटची कॉइल आहे, ढग असले की ती चालू होते. म्हणजे ते सोलरच नव्हे, कॉपी आहे. हे त्याला सांगणार होतो. पण तो भिंतीवरून सणाच्या रीतीप्रमाणे विचारत होता, गंगास्नान झालं का. आज सगळं गाव एकमेकांना हेच विचारतं. मी झालं म्हटलं.

जावयाचं स्नान गुरुमूर्तिच्या पाण्याने झालं. माझं राहिलंय. टाकीतल्या पाण्याने करणार, २६ तर २६.

दुपारी ३:००
रविशंकरने गाडीतून मोठा खोका आणला. गीझर. म्हणाला, मामा, अत्तेसाठी (म्हणजे सासूसाठी) आणलाय, इलेक्ट्रिशियन संध्याकाळी येईल, अर्ध्या तासाचं काम आहे.

पहिल्या दीपावलीला सासऱ्याने जावयाला द्यायचं असतं, जावयाकडून घ्यायचं नसतं. धोतरजोडी, अंगठी आम्ही दिली, ती त्याने घेतली, ते बरोबर. पण घेणाराच द्यायला लागला तर सणाला अर्थ काय राहिला? आमच्या घरात असं झालेलं नाही. गल्ली काय म्हणेल. खोका ओट्यावरून आत आणू दिला नाही. बोललो जरा जास्त. इलेक्ट्रिशियनला फोन करून येऊ नको म्हटलं.

ही दारात उभी होती. खोक्याकडे बघत होती. पायाला फडकं गुंडाळलेलं.  लग्नाला चौतीस वर्षं झाली, तिचा असा चेहरा मी ओळखतो, तो दोन दिवसांत जातो.

बोटं ४०. आज नित्याने मोजली. आकडा सांगताना माझ्याकडे बघितलं नाही.

२२ ऑक्टोबर, बुधवार. सकाळी ९:००
गेली. नित्या म्हणाली, अप्पा, अम्माला थोडे दिवस नेते. मी म्हटलं ने ना. थोडे दिवस चांगलेच, मला कामाला मोकळीक.

निघण्याआधी रविशंकर न विचारता शिडीवर चढला. ती पट्टी उचकटून काढली, रॉकेलने टार पुसलं आणि हिच्या हातात दिली. पाऊस चालू होता. हिने ती पदराला पुसून पिशवीत ठेवली. मागच्या सीटवर गीझरचा खोका, त्याच्या शेजारी ही. खोका जागा खात होता म्हणून अंग चोरून बसली होती. गाडी वळेपर्यंत मी ओट्यावर होतो.

सांध्यातून पाणी गॅसवर पडतंय. भांडं लावलं.

५ नोव्हेंबर, बुधवार
दोन आठवडे झाले. थोडे दिवस म्हणजे किती ते विचारायचं राहिलं.

जेवण देवळातून आणतो. विठ्ठलापुढचा विकतचा हार बघून भजनातल्या भवानी अक्कांनी विचारलं, शिवकामी कधी येणार. म्हटलं काम पूर्ण झालं की. त्यांनी विचारलं, तिचं काम का तुमचं. या वयात माणसं खोचक होतात.

बोटं: मोजणी स्थगित.

२१ डिसेंबर, रविवार
आज सूर्य सगळ्यात दक्षिणेकडे. पत्र्यावर सावली आहे. फोनवर नित्या म्हणाली की अम्मा अंघोळीला गेली आहे. गेल्या वेळीही अंघोळीलाच गेली होती. गीझर असला की माणसं किती अंघोळी करतात, त्याचा पाण्यावर काय ताण पडतो, यावर कोणी विचार करत नाही.

सकाळी थंड पाण्याने अंघोळ. खोकला.

१५ जानेवारी २०२६, गुरुवार. पोंगल
गल्लीत सगळ्यांच्या दारात दूध उतू गेलं. माझ्याकडे छपरात आलेलं भात होतं, कापलं, निवडलं, मूठभर तांदूळ निघाला. गुरुमूर्तिच्या बायकोने तिच्या पोंगलमध्ये टाकला. वाटीभर आणून दिलं. गोड होतं. दोन घास खाऊन ठेवलं.

हिला सांगायचं होतं की छपराचा तांदूळ झाला. फोन लावला नाही. हसली असती की नसती, कळेना.

२२ फेब्रुवारी, रविवार
सगळं तूस उपसलं. काचेची लोकर भरली. टाकी माळ्यावरून काढून छपराच्या वर, चार खांबांवर. रस्त्यावरून दिसते. पंप काढून टाकला, पाणी आपलं आपण चढतं. हा निर्णय माझा आहे. गुरुमूर्तिने खांब धरायला मदत केली, पण एक शब्द बोलला नाही. बोलायला हवं होतं त्याने. मी उत्तर तयार ठेवलं होतं.

सांध्यावर नवा पत्रा मारला. मापात बसत नाही. आधीची पट्टी चांगली बसली होती.

१४ एप्रिल, मंगळवार. तमिळ नवं वर्ष
सूर्य डोक्यावर आला. उतरणीवर ऊन पसरलंय, जूनमध्ये होतं तसं. टाकी ५७. दोनदा मोजलं. थर्मामीटर बदलून मोजलं. ५७.

सगळं बरोबर होतं. तत्त्व बरोबर होतं. फक्त वेळ लागला.

फोन आज करणार नाही. आकडा साठच्या वर जाऊ दे.

१८ एप्रिल, शनिवार. दुपारी २:१५
६३.

गावात अंगाची लाही होतेय. साध्या नळालाही गरम पाणी येतं, गल्लीत सगळे बादल्या भरून ठेवून गार व्हायची वाट बघतात. गुरुमूर्तिने त्याची चौकट ताडपत्रीने झाकलीय. पण ते वेगळं. हे ६३ आहे.

दुपारी ३:००
फोन केला. नशिबाने अंघोळीला गेली नव्हती, तिनेच उचलला. सांगितलं: त्रेसष्ट, पंपाशिवाय, अलमेलू अम्मांच्या तांब्यातून.  तिने विचारलं, किती वाजता. मी म्हटलं दुपारी सव्वादोनला. ती म्हणाली, बोटं पाचाला आखडतात.

मी म्हटलं आता टाकीला जाड लोकर गुंडाळतो, सकाळपर्यंत पन्नास राहील.  मग म्हटलं, गीझर आणतो. उद्याच आणतो, बसवून ठेवतो. हे मी म्हणालो, माझ्याच कानाने ऐकलं. दहा महिन्यांपूर्वी तिने एवढंच मागितलं होतं. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, राहू द्या आता, उगाच कशाला, मला इथली सवय झाली. आणि विचारलं, जेवलात का.

जेवलो म्हटलं. जेवलो नव्हतो.

दुपारी ३:४०
नित्याने फोटो पाठवला. त्यांच्याकडच्या विठ्ठलाच्या तसबिरीला हार. जाईच्या कळ्या, मध्ये मरवा, टोकाला तुळस. खाली भिंतीशी ती तांब्याची पट्टी टेकवलेली, नाव चकचकीत. हार कोणी केला ते नित्याने लिहिलं नाही. मला विचारायची गरज नव्हती, गाठी ओळखतो.

मला करमत नाही.

संध्याकाळी ६:३०
आजची नोंद राहिली होती. आकाश स्वच्छ. पाणी ६३. बोटं